बिबट्याचा कान

कॉलेज संपल्यावर दोन वर्षं मी नाशिकच्या एका लहानशा संग्रहालयात नोंदी लिहायला होते. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. नाणी, मूर्ती, पक्ष्यांची अंडी असं सगळं होतं आणि मागच्या दालनात पेंढा भरलेला एक बिबट्या. काचेवरची त्याची पाटी मीच नव्यानं रंगवली होती: ‘नरभक्षक बिबट्या, हरसूल परिसर’.

एका दुपारी चाळिशीतली एक बाई एकटीच आली. द्राक्षबागेत छाटणीला आलेली. मुकादमाला सांगून ‘आमच्याकडचा वाघ’ बघायला आले, म्हणाली. काचेसमोर जरा उभी राहिली आणि एकदम फरशीवर बसली.

“मावशी, बरं वाटत नाही का?”

“तवा मी एवढीच व्हते. इतक्या खालनंच दिसला व्हता.”

तिच्या डोळ्यांदेखत धाकट्या भावाला अंगणातून उचलून नेलं होतं. पुढे महिन्याभरात शिकाऱ्यानं बिबट्या मारला. गावानं नारळ फोडले. पोरांना मात्र कुणी जवळ जाऊ दिलं नाही.

मी तिच्या शेजारी बसले. रोज ज्याची धूळ पुसायचे, तोच खालून बघताना अंगावर येत होता.

“ह्यो तो नाय,” ती म्हणाली. “त्याचा डावा कान फाटका व्हता. पार मुळापासून.”

“पेंढा भरताना शिवला असेल.”

ती काचेजवळ सरकून कान बघू लागली. मीच विचारलं, “पण त्यानंतर गावात कुणाला नेलं का?”

“नाय. कुणालाच नाय. समदी परत अंगणात निजाया लागली.” पदर सावरत ती उठली. “मी आजून दार लावून निजते, बाई.”

ती गेल्यावर मी काचेच्या कपाटाचं कुलूप काढलं आणि डावा कान चाचपला. केस काथ्यासारखे कोरडे. मुळापासून टोकापर्यंत बोट फिरवलं. टाका नाही, वण नाही. तेवढ्यात माझ्या पाठीशी दालन रिकामं आहे हे जाणवलं आणि मी गर्रकन वळले. कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांना सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी स्वतः कान चाचपला, बराच वेळ. मग रुमालानं हात पुसत म्हणाले, “तो शब्द खोडा.”

मी ‘नरभक्षक’वर रंग फिरवला. तरी सहलीला आलेली पोरं विचारायचीच, यानं माणसं खाल्ली का हो?

“यानं नाही,” मी सांगायचे.

“मग कुणी?”

यावर मी त्यांना नाण्यांच्या दालनात घेऊन जायचे.