पुनारामची बॅटरी

दरेकशाच्या जंगलात पूस महिन्याच्या थंडीत बांबूतोडीचा मुक्काम पडला, की म्हातारा पुनाराम बॅटरीला जिवापलीकडे जपे. गारठ्यात सेल मरतात, म्हणून ते तो पोटाशी बांधून उबेत ठेवी. कोणी उजेड मागितला, की खेकसे, "सेल सरून राहिले ना!"

पण १९५३ साली एका रात्री झोपडीत मजुरीण मंगली बाळंतपणात अडली, तेव्हा त्यानं आपलं पागोटं सोडून सुईण फुलवंताच्या कपाळाला बॅटरी बांधली. तिचे दोन्ही हात मोकळे झाले. पहाटे पोरगी रडली, तेव्हा सेल पार संपले होते.

पुढच्या पुसात मंगलीनं लेकीला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि दोन नवे सेल हातात दिले. त्यानं भर दुपारी बॅटरी लावली. पोरगी खिदळली.

"मामा, सेल सरून राहिले ना!" मंगली हसली.

"सरू दे," तो म्हणाला. "पोट्टीले पाहू दे."