मामाची डावी बाही

माझा मामा शिंपी. चाळीस वर्षं मशीन चालवून पुढच्या महिन्यात दुकान कायमचं बंद करणार आहे, पण त्याआधी त्याला एक डाग धुवायचा होता. आईच्या लग्नाचा ड्रेस त्यानेच शिवला होता आणि त्याची डावी बाही लांब झाली, असं आई गेली सव्वीस वर्षं भेटेल त्याला सांगते. मामा म्हणतो, "दोन्ही सारख्या!" ड्रेस केव्हाच उसवून माझे फ्रॉक झाले. उरली लग्नाची डीव्हीडी. तिच्यात आई म्हणजे नुसता ढग आणि कोपऱ्यात हातात पांढरा रुमाल धरलेला मामा. 'रडका मामा' म्हणून आम्ही त्याला अजून चिडवतो.

मी मोठा एचडी टीव्ही घेतला तर ढग आणखीच पसरला. मामा म्हणाला, "चल, चांगला प्लेअर घेऊ. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

दुकानात तो गळ्यातल्या टेपसकटच आला.

"काका, हा अपकन्व्हर्टिंग," विक्रेती मुलगी म्हणाली. "डीव्हीडीतलं चित्र लहान, तुमचा पडदा मोठा. हा मधले ठिपके अंदाजाने भरून चित्र पडद्याच्या मापाचं करतो."

"पण शिवणीत माया नसेल, तर सोडणार काय?"

"माया?"

"शिवणीच्या आत ठेवतो ते जास्तीचं कापड गं. अंग भरलं की उसवून सोडायचं."

"हां! मग डिस्कमध्ये असेल तेवढंच निघेल, काका. नसलेलं कुठून आणणार?"

"खरं बोललीस! आता तुझ्याकडूनच घेतो."

मग त्याने माझ्या शाळेच्या नाटकाची डिस्क लावून तीन प्लेअर पारखले. बाहीचा निकाल आईसमोरच, असा त्याचा हट्ट. ज्याच्यात मास्तरांच्या पँटची इस्त्री दिसेल तो खरा! सगळ्यात स्वस्त होता त्याला एचडीएमआय, म्हणजे टीव्हीला स्वच्छ चित्र पोचवणारी तार लावायची जागाच नव्हती. इस्त्री सोडा, पँटसुद्धा दिसेना. दुसऱ्यात कडक घडी दिसली. तिसऱ्यातही तेवढीच, पण किंमत तिप्पट. "नाकापेक्षा मोती जड," मामा म्हणाला आणि आम्ही दुसरा घेतला.

आई चष्मा पुसूनच आली. डिस्क लावली आणि ढगाला बटणं फुटली! मामाने चित्र थांबवून पडद्याला टेप लावली. पुन्हा लावली. मग मटकन खाली बसला.

"लांब आहे," तो म्हणाला.

मला त्या प्लेअरचाच राग आला. एवढी पायपीट काय यासाठी केली? आई आता नाचणार, असं वाटलं. पण ती कोपऱ्यात बघत होती.

"दादा, हा रुमाल नाहीये."

खरंच नव्हता. अंगठ्यापासून मनगटापर्यंत जाडजूड पट्टी होती.

"आदल्या दिवशी मशीनची सुई उजव्या अंगठ्यात गेली," मामा पुटपुटला. "डावी बाही राहिली होती. ती डाव्या हाताने कापली."

"मग बोलला का नाहीस?"

"लग्नघरात कशाला? आणि नंतर तू मला बोलू कधी दिलंस?"

"जळली मेली माझी जीभ!" आईला रडू आवरेना. तिने तिथूनच मावशीला फोन लावला. "अगं, दादाची बाही लांब नव्हती. त्याने तिथे माया ठेवली होती."

"माया आत ठेवतात, बाहेर नाही!" मामा ओरडला. या वेळी मात्र त्याच्या हातात खरोखरच रुमाल होता.