लेकीची वेणी

पार्लरमध्ये कामाला लागताना तिने करारावर सही केली होती, नोकरी सोडली तर तीन वर्षं या गावात कुणाचे केस कापायचे नाहीत. तिच्या लेखी सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नोकरी सोडल्यावर गोदामात खोकी चिकटवली, पण लेकीच्या केसांनाही कात्री लावली नाही.

"मालकीण काय आपल्या घरात डोकावणार आहे?" नवरा वैतागायचा.

दोन वर्षांनी नव्या कायद्याने असल्या अटी रद्द केल्या. नवऱ्याने बातमी वाचून दाखवली. ती "बरं" म्हणाली, उरलेली भाजी चिरली, मग कात्री काढून लेकीला स्टुलावर बसवलं.

लेकीने पाठीवरची वेणी पुढे घेऊन घट्ट धरली. "नको आई. आता मला लांबच आवडतात."

तिने कात्री फडक्यात गुंडाळली आणि गोदामात वेळेवर पोचली.