जोमा मेस्त्रींचा उंबरा

जोमा मेस्त्री कुठल्याही नव्या घरासमोर उभे राहिले की आधी भिंतीला थाप मारत. बाजारात कलिंगड घेताना आपण मारतो, तशी. मग कान थोडा तिरपा करून ऐकत आणि निकाल देत, "पिकलीय." नाही तर, "कच्ची हाय. घाई केली." घरमालक समोर उभा असला तरी निकालात फरक पडत नसे.

आमची ओळख अशाच एका थापेनं झाली. मी तेव्हा ठाण्यात एका कंत्राटदाराकडे नकाशे काढायचं काम करी. मुंबईला ड्रॉइंग शिकून आलेलो, त्यामुळे उरलेल्या ठाण्याला घर म्हणजे काय ते कळत नाही अशी माझी पक्की खात्री होती. गावभर उतरती कौलं, पडव्या आणि लाकडी कठडे. त्यांत कुठे सपाट स्लॅबचं, लांबट खिडक्यांचं, गोल बाल्कनीचं एखादं घर दिसलं की मी वही काढून भर रस्त्यात उभा राही. नौपाड्यात असाच उभा असताना धोतर-टोपीतला एक काटकुळा म्हातारा शेजारी आला आणि त्यानं कुंपणाच्या भिंतीला थाप मारली. आतून मालक ओरडत धावला. आम्ही दोघेही पळालो.

कोपऱ्यावर धापा टाकत म्हातारा म्हणाला, "साहेब, तुमी चित्र काढाला आल्ते का चोरी कराला?"

"चित्र काढायला."

"मंग पलालात कशाला?"

"तुम्ही पळालात म्हणून."

"वा! मी तर तुमच्या मागं पललो."

मेस्त्री ठाकुर्लीजवळच्या एका आगरी वस्तीतले. बापजादे मिठागरात राबले. हे एकटेच गवंडीकामाकडे वळले आणि जन्मभर कौलारू घरं बांधत राहिले. पण जीव जडला होता तो नव्या घरांवर. त्यांना ते 'उघड्या डोक्याची घरं' म्हणत. "टोपी काढून उभा रायलेल्या मानसावानी दिसतंय बगा," ते म्हणायचे, "पावसाला भीत नाय." मग दर रविवारी आम्ही दोघं अशी घरं शोधत हिंडू लागलो. ठाणं झालं, डोंबिवली झाली, कल्याण झालं. मी वहीत चित्र काढायचं, त्यांनी थाप मारायची.

एकदा कोणीतरी सांगितलं की आंबिवलीच्या पुढे पांढरंशुभ्र, गोल भिंतीचं, सपाट माथ्याचं घर झालंय. भर उन्हात तंगडतोड करत आम्ही तिथे पोचलो. मी तासभर चित्र काढलं. भिंतीची गोलाई, खिडक्यांचा संयम, एकाकीपणातला डौल, असं बरंच काही मेस्त्रींना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पुढे जाऊन थाप मारली आणि परत येऊन नम्रपणे विचारलं, "साहेब, यात राहतं कोन? मासं?"

ती पाण्याची टाकी होती. खिडक्यांचा संयम असा, की खिडकी एकही नव्हती.

एवढं होऊनही स्वतःच्या घराचा नकाशा त्यांनी मलाच काढायला सांगितला, याला काय म्हणावं! मुलाचं, बाळारामचं, लग्न वैशाखात ठरलं होतं. त्याआधी घर उभं करायचं होतं. "जन्मभर लोकांची कौलं चढवली. आता मना एक घर उघड्या डोक्याचं पायजे." त्यांच्या बायकोला, हिरामावशींना, मात्र हे साफ नामंजूर. "बोडक्या घरात मी सून आननार नाय," त्या माझ्यासमोर मेस्त्रींना म्हणाल्या. मेस्त्रींनी तिथल्या तिथे शब्द दिला, "सून याच घरात येल, आनि हसत येल. तोंड पाडून आली तर दुसऱ्या दिवशी वर कौलं चढवीन."

मी नकाशात सगळी विद्या ओतली. सर्वांत अभिमान होता तो जमिनीचा. अंगणापासून माजघरापर्यंत अखंड, सपाट, पाण्यासारखी वाहत जाणारी जमीन; मध्ये कुठे उंबरठ्याचा अडथळा म्हणून नाही. मेस्त्रींनी कागद बराच वेळ न्याहाळला. "कागदावर बरं दिसतंय," म्हणाले. ही त्यांची सर्वांत जहाल शिवी आहे हे मला फार उशिरा कळलं. पण नकाशावाल्याच्या रेघेवर आपली रेघ मारायची नाही, हा त्यांचा नेम. जसं काढलं तसं बांधलं.

लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत पुढच्या दारात रंगाऱ्यांच्या फळ्या पडलेल्या. बायका मागच्या दारानं ये-जा करत होत्या. त्यामुळे दाराकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. वरात दाराशी आली. पुढे लग्नाची गाणी, म्हणजे धवले, गात धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात तिचा शब्द भटजीच्याही वर. हातात तांदळाचं माप घेऊन ती खाली वाकली आणि गाणं एकदम थांबलं.

"उंबरा कुठं हाय?"

ती माप हातात धरून तशीच सरळ झाली.

"माप ठेवू कुठं? सून भायेर हाय कवा नि आत आली कवा, समजाचं कसं?"

हिरामावशींनी आधी वर स्लॅबकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नवी नवरी मान खाली घालून उभी. चेहरा पडत चाललेला. मेस्त्रींचा शब्द, त्यांची गच्ची, सगळं माझ्या त्या सपाट जमिनीवरून घरंगळत निघालं होतं. आणि अशा वेळी, खिशात नेहमी खडू असतो म्हणून, मी पुढे होऊन म्हणालो, "रेघ मारू या का?"

धवलारणीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमची बायको रेघेवरून आनली व्हती का, साहेब?"

"माझं लग्न व्हायचंय अजून."

"मंग बराबर!"

मांडवभर हशा पिकला. तेवढ्यात मेस्त्री आतून आले. हातात त्यांची सागवानी पट्टी होती. भिंतीचा आणि जमिनीचा सरळपणा बघायची, कडा झिजलेली, चाळीस वर्षांची. तिला कुणी चुकून पाय लावला तरी ते दिवसभर त्याच्याशी बोलत नसत. त्यांनी ती दारात आडवी ठेवली, तिच्यावर डोकं टेकवलं आणि म्हणाले, "हिच्यावर गावातली घरं सरल झाली. हा उंबरा. ये बाय, वलांड."

धवलारणीनं माप पट्टीला लावून ठेवलं आणि थांबलेलं गाणं पुढे उचललं. नवरीनं पायानं माप लवंडलं, पाय उचलला आणि ती आत आली. माझी रेघ तिला अजून आठवत असावी. पदर तोंडाला लावूनही तिचं हसू लपत नव्हतं.

"हसत आली," मेस्त्री हिरामावशींना हळूच म्हणाले. कौलं चढली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी ती पट्टी सिमेंट भरून दारातच बसवून टाकली. मी माफी मागायला गेलो तर म्हणाले, "तुमचं घर चांगलंच हाय, साहेब. पन घर नुसतं डोल्यांना दिसून भागत नाय. पायाला बी लागाला पायजे."

पुढे चार-पाच वर्षांनी मेस्त्री गेले. मी हट्टानं खांदा मागून घेतला. बाकीचे तिघे दारातून सवयीनं पाय उचलून बाहेर पडले. मी, ज्यानं त्या घराची रेघ न् रेघ काढली होती, तोच नेमका पट्टीला ठेचकाळलो. तिरडी हलली. मागून हिरामावशींचा रडवेला आवाज आला,

"साहेब, पाय उचला! उंबरा हाय तिथं."