चौसाळकर बाईंचा शंभर टक्के निकाल

गारखेड्याच्या कालिंदी चौसाळकर चिनी शिकवतात. आजोबा भिक्षुक, वडील बँकेत, आणि लेकीनं हे काय खूळ डोक्यात घेतलं, असं त्यांच्या आईला आजही वाटतं. एका खासगी विद्यापीठात संध्याकाळचा वर्षभराचा चिनीचा वर्ग बाईंनीच भांडून सुरू करून घेतला होता आणि त्याच्यावर त्यांचा जीव होता.

पहिल्याच दिवशी त्यांनी पुस्तकं कपाटात कोंडली. वर्गातला पंखा कित्येक महिने बंद होता. त्यावरूनच बाईंनी खेळ लावला: एकानं चिनी इंजिनिअर व्हायचं आणि बाकीच्यांनी पंख्याला काय झालंय ते त्याला चिनीत पटवायचं. जो मराठी बोलेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. मुलं बहुतेक बजाजनगरची, वाळूजच्या कारखान्यांत राबणारी. शिफ्ट संपवून दमून यायची, पण त्या पंख्यावरून अशी हमरीतुमरीवर यायची की शेजारचे प्राध्यापक दार लावून घ्यायचे. दिवाळीपर्यंत पोरं चिनीत झकास भांडू लागली. भाषा आली म्हणतात ते यालाच.

इथंच घात झाला. वाळूजला चिनी यंत्रं आली होती, सोबत त्यांचे तंत्रज्ञ, आणि त्यांचं बोलणं कामगारांपर्यंत पोचवणारं कुणी नव्हतं. आधी वर्गातल्या शिवराजला दुभाष्याची नोकरी लागली. तो पेढे घेऊन आला.

"परीक्षेला येशील ना रे?" बाईंनी विचारलं.

"आता कशाला मॅडम? काम तर लागलं. साहेब लई खूश हायेत, सुट्टीच देत नायत."

मग सोनिया गेली आणि मग एकेक करत अख्खा वर्ग. परीक्षेला बाई, प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आणि शिपाई कचरू, एवढेच हजर होते.

विभागप्रमुख विश्वजीत सरांनी बोलावून घेतलं. "मॅडम, निकाल शून्य. अहवालात विद्यार्थ्यांचा सहभाग लिहायचा तर वर्गात विद्यार्थीच नाहीत. पुन्हा असं झालं तर वर्ग बंद करावा लागेल."

"सर, चिनी बोलता येतं म्हणूनच सगळी कामाला लागली."

"असतील लागली. पण निकालात ते कुठं दिसतं?"

बाईंना रडू आलं नाही, संताप आला. तो गिळून त्यांनी कपाट उघडलं. नव्या वर्षी एकेक अक्षर वहीत पानभर गिरवायचं, तोंड उघडायचं नाही. आता कोणता कारखाना या मुलांच्या वाटेला जाणार? हजेरी भरगच्च, निकाल शंभर टक्के. विद्यापीठानं बाईंना नावीन्यपूर्ण अध्यापनाचा पुरस्कार जाहीर केला.

समारंभाला वाळूजच्या एका कारखान्याचे चिनी व्यवस्थापक पाहुणे म्हणून आले. माईक हातात घेऊन त्यांनी हसत मुलांना चिनीत काहीतरी विचारलं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी तेच पुन्हा, सावकाश विचारलं. टाळ्या आणखी जोरात पडल्या.

विश्वजीत सर खुशीत बाईंकडे झुकले. "मुलं अगदी रंगून गेलीत, मॅडम. काय म्हणाले ते?"

खांद्यावरच्या नव्या शालीत बाईंना मान वर करवेना.

"म्हणाले, उद्यापासून दोन माणसं कामाला हवीत. तुमच्यातलं कोण येतंय?"