दार उघडं असल्याची पोस्ट

लॉकडाउनमध्ये माझा मित्र मला भेटायला आला होता. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती तेव्हा आत आईला आंघोळ घालत होती.

त्या दिवसांत जो तो मनाच्या आरोग्यावर लिहीत होता. कुणी प्राणायामाचे व्हिडिओ टाकी, कुणी 'नकारात्मक बोलू नका' म्हणून ग्रुपवर दटावी. एक मजकूर तर सगळेच आपापल्या वॉलवर चिकटवत होते : 'मन जड झालं असेल तर माझं दार उघडं आहे. चहा ठेवतो. फक्त ये.' मीही चिकटवला. त्यातला एकही शब्द माझा नव्हता. खाली बदाम पडले, 'सर, तुमच्यासारखी माणसं हवीत' असं आलं, आणि मला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गॅलरीखाली मोटारसायकल थांबली. कॉलेजातला मित्र. गंगापूरला लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. लग्नंच बंद, म्हणून घरी बसलेला. तोंडाला रुमाल, पोलिसांना चुकवत आडवाटेनं आला होता.

"चहा ठिव," खालून हसत म्हणाला. "तूच बोलावलंस ना फेसबुकवर?"

"अरे, ते आपलं सगळ्यांसाठी होतं," मी म्हणालो. "आई आहे घरात. शुगर आहे तिला."

"वर येत नाय रे बाबा. इथूनच बोलतो. झोपच येईना झालीय. डोक्यात लई कायबाय येतंय."

समोरच्या गॅलरीत दोघं-तिघं कान देऊन उभे होते. मला त्यांच्यापुढंच लाज वाटली. "संध्याकाळी फोन करतो, निवांत बोलू," असं म्हणून भाजीच्या पिशवीत पाण्याची बाटली घातली आणि दोरीनं खाली सोडली. तो उभ्यानंच प्यायला, बाटली परत पिशवीत ठेवू लागला.

"असू दे, असू दे, घेऊन जा!" मी घाईनं ओरडलो.

त्याला कळलं. बाटली डिकीत टाकून गेला.

संध्याकाळी मी फोन केला नाही. पोस्टवरच्या कमेंटना उत्तरं देत बसलो होतो.

महिनाभरात तो गेला. आजारानं नाही, त्यानं स्वतःच जीव दिला. ग्रुपवर मेणबत्त्या पेटल्या. 'बोलला असता तर...' ज्यानं त्यानं लिहिलं. त्याच्या बायकोनं त्याच्या फेसबुकवर एवढंच लिहिलं, 'कुणालाच काही बोलले नाहीत.' त्याखाली मी लिहिलं, 'वहिनी, एकदा तरी मन मोकळं करायचं होतं त्यानं.'

ते अजून तिथं आहे. पुसलं तर कुणी विचारेल, या भीतीनं पुसलंही नाही.

परवा गंगापूरच्या स्टँडवर वहिनी भेटल्या. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, माझ्याशीबी नाय बोलले हो. मीच कुठं तरी कमी पडले असंल."

"असं मनात आणू नका," मी म्हणालो. एसटी लागली, मी चढलो.

तो बोलायला आला होता. माझ्याकडं आला होता, आणि मी त्याला खालूनच परत पाठवलं. हे त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या समोर बसून सांगणं माझ्याकडं अजून बाकी आहे.