रोह्याचं माप

माझी मुलगी तिच्या लेकीला जेवायला वाढते तेव्हा मला पातेल्याला हात लावू देत नाही. ती बरोबर करते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही पेणला राहायचो. मुलगी सहावीत होती आणि तिला शाळेच्या खो-खोच्या संघात जायचं होतं. पण वजन वाढलेलं, दोन फेऱ्यांत धाप लागायची. बाई म्हणाल्या, दिवाळीनंतर बघू, दम पुरला तर घेऊ. पोर हिरमुसून घरी आली.

त्या काळी पेणमधली सर्वांत शहाणी आई मी, असं माझं ठाम मत होतं. मी फरसाणाचा डबा वरच्या फळीवर चढवला. शेजारी पापड लाटणाऱ्या बायकांना बजावलं, तेलात बुडवलेली लाटी हिच्या हातावर ठेवायची नाही. संध्याकाळी तिला गच्चीवर पळवायचे आणि स्वतः पायरीवर बसून, चहात खारी बुडवत, "गुडघे वर घे!" म्हणून ओरडायचे. महिना झाला तरी फ्रॉक काही सैल होईना.

गणपतीची मूर्ती ठरवायला माझ्या थोरल्या जाऊबाई रोह्याहून आल्या. जवळच्या हमरापूरला मूर्तिकाराकडे मूर्ती सांगून आमच्याकडे जेवायला बसल्या. मुलगी "पुरे" म्हणाली. मी नेहमीप्रमाणे भाताचं पातेलं तिच्या ताटात निपटलं.

"एवढाच उरलाय, संपव. भांडं घासायला पडेल."

जाऊबाई बघत होत्या. "काय गो, पोरीला जेवू घालतेस की भांडं रिकामं करतेस?"

"हाड जाड आहे हो तिचं. तुमच्याच घराण्याचं."

"हाड आमचं असंल, त्यावरचा भात तुझा हाय. तांदूळ कशानं मोजतेस?"

मी पितळी माप पुढे केलं. त्या हसत सुटल्या. रोह्याच्या एकत्र घरातून वेगळी निघताना मीच हौसेनं आणलेलं माप होतं ते. तिथे दहा-बारा माणसांना एका वेळेला अशी दोन मापं शिजायची. इथे एकच टाकते म्हणजे केवढी काटकसर, असं मला वाटायचं! घरात माणसं तीन, त्यातही हे कंपनीच्या शिफ्टला गेले की जेवायला आम्ही दोघीच. उरलेला भात दुपारी मुलीच्या पोटात भरायचे आणि संध्याकाळी तोच गच्चीवर पळवून काढायला बघायचे.

दुसऱ्या दिवसापासून वाटीनं तांदूळ घ्यायला लागले. पातेल्याचा तळ दिसला की पोर उपाशी मरेल असं वाटायचं. ती "पुरे" म्हणाली की हात आवरायचा, हे मला गच्चीवर धावण्यापेक्षाही अवघड गेलं. लाटीला मात्र परवानगी दिली. गच्चीवर ती आपणहून जायला लागली.

दिवाळीनंतर बाईंनी तिला संघात घेतलं, राखीव म्हणून. ती ओरडतच घरी आली. आनंदाच्या भरात मी आणखी एक भाकरी तिच्या ताटाकडे नेली. तिनं ताटावर आडवा हात धरला.

"आई, पुरे म्हटलं ना!"

ती भाकरी मी खाल्ली. तशा बऱ्याच खाल्ल्या असाव्यात, कारण त्या वर्षी ब्लाउज उसवायला लागले ते माझे.